आजोबांचे नाव नातवाला: ठेवलेले, लावलेले आणि टाळलेले

इ.स.पू. ३४८च्या सुमारास अथेन्सच्या न्यायालयासमोर दोन सावत्र भावांचा एक दावा आला. या घरात पुढे पैशांवरूनही खटला झाला, पण हा पहिला दावा केवळ एका नावाचा होता. मान्तियास या नागरिकाच्या एका मुलाचे नाव मान्तिथेओस होते आणि ते त्या मुलाच्या आजोबांचे, म्हणजे मान्तियासच्या वडिलांचे नाव होते. प्लांगोन नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीचे मुलगे आपले नाहीत, असे मान्तियास बरीच वर्षे म्हणत राहिला. परंतु तिने लवादासमोर शपथेवर ते त्याचेच असल्याचे सांगितल्यानंतर त्याला ते स्वीकारावे लागले, आणि त्यांपैकी एकाची नोंद त्याने बोइओतोस या नावाने केली. पुढे मान्तियास वारला आणि बोइओतोसने नागरिकांच्या यादीत आपले नाव मान्तिथेओस असे चढवून घेतले. थोरला मी आहे, म्हणून आजोबांचे नाव माझे, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या मान्तिथेओसचे म्हणणेही नेमके हेच होते.

फिर्यादीचे, म्हणजे या पहिल्या मान्तिथेओसचे, भाषण डेमॉस्थेनीस या प्रसिद्ध वक्त्याने लिहून दिले होते आणि ते आजही उपलब्ध आहे. त्यातला युक्तिवाद वाचताना गंमत वाटते, कारण त्याचा मोठा भाग भावनेचा नसून निव्वळ कारकुनी स्वरूपाचा आहे. दोघांचे नाव एक, वडिलांचे नाव एक आणि थोरिकोस हे गावही एक. मग उद्या सेनापतींनी एखादी जबाबदारी ‘थोरिकोसच्या मान्तियासचा मुलगा मान्तिथेओस’ याच्यावर सोपवली, तर ती नेमकी कोणावर सोपवली असे समजायचे? चिठ्ठ्या टाकून एखादे अधिकारपद या नावाला मिळाले, तर त्यावर कोणी बसायचे? खटला भरला गेला तर उभे कोणी राहायचे? वेगळे ओळखता यावे म्हणून आता नावापुढे आईचे नाव जोडायचे काय, आणि असे पूर्वी कधी कोणी ऐकले आहे काय? हा दावा फिर्यादी हरला असावा, असे अभ्यासक मानतात, कारण नंतरच्या खटल्यातही समोरचा भाऊ मान्तिथेओस हेच नाव वापरताना दिसतो.

मुलाला वडिलांचे किंवा आजोबांचे नाव देण्याच्या प्रथेत जी दोन कोडी आहेत, ती दोन्ही या एका दाव्यात आली आहेत. पहिले कोडे असे की नाव ही मालमत्ता कोणाची: ते धारण करणाऱ्या माणसाची, की त्याच्या घराण्याची? दुसरे कोडे व्यवहाराचे आहे: एकाच नावाची दोन माणसे झाली, तर त्यांना वेगळे ओळखायचे कसे? जगभरातल्या नामकरणाच्या रीती वरवर पाहता एकमेकींच्या अगदी विरुद्ध दिसतात, परंतु या दोन प्रश्नांना त्या समाजाने काय उत्तर दिले आहे हे पाहिले की त्या विरोधाचा उलगडा होऊ लागतो.

पुढे जाण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करून घेतला पाहिजे, आणि सुदैवाने मराठीत त्यासाठी शब्द तयार आहेत. नाव ‘ठेवणे’ वेगळे आणि नाव ‘लावणे’ वेगळे. आजोबांचे नाव बाळाला हाक मारण्यासाठी दिले, तर ते ठेवले. वडिलांचे नाव मुलाच्या नावापुढे जोडले, तर ते लावले. पहिल्यात जुने नाव पुन्हा जन्म घेते, तर दुसऱ्यात ते केवळ पत्ता सांगते. या दोन्हींहून वेगळे असे ‘नाव चालवणे’ही आपण म्हणतो, ज्यात नावापेक्षा वंशाचा विचार अधिक असतो. हे तीन व्यवहार एकमेकांत मिसळले की या विषयावरची चर्चा फार लवकर गोंधळते.

नाव ठेवण्याच्या रीतींमध्ये सर्वाधिक पसरलेली रीत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आहे, वडिलांचे मुलाला ठेवण्याची नव्हे. प्राचीन ग्रीसमध्ये थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे नाव मिळे, आणि कधी आईच्या वडिलांचेही. अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणारा क्लेइस्थेनीस हा सिक्योनचा सत्ताधीश क्लेइस्थेनीस याचा मुलीकडचा नातू होता आणि त्याचे नाव तिथूनच आले. स्कॉटलंडमध्ये रूढ असलेल्या क्रमानुसार पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला स्वतः वडिलांचे नाव दिले जाई. मुलींचा क्रम आईच्या आईपासून सुरू होई. पूर्व आफ्रिकेतील किकुयू समाजात पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचे नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचे, आणि मुलींच्या बाबतीत दोन्ही आज्यांची नावे याच क्रमाने येतात. स्कॉटलंडच्या टेकड्या आणि केनियाचा डोंगराळ मुलूख यांनी ही रीत एकमेकांकडून शिकून घेतलेली नाही, हे उघड आहे.

मग आजोबाच का? याचे एक कारण घरातल्या घरात कळते. वडील आणि मुलगा एकाच छपराखाली, एकाच वेळी कर्ते पुरुष म्हणून वावरतात, त्यामुळे त्यांचे नाव एक असले तर रोजच घोटाळा होतो. आजोबा आणि नातू यांच्यात मात्र साधारण पन्नास-साठ वर्षांचे अंतर असते, त्यामुळे एकाचे कर्तेपण सुरू होईपर्यंत दुसऱ्याचे संपत आलेले असते. दुसरे कारण नात्याच्या स्वभावाचे आहे. पुष्कळ समाजांमध्ये बाप-लेकाच्या नात्यात अधिकार आणि दबाव असतो, तर आजोबा-नातवाच्या नात्यात मोकळेपणा आणि थट्टाही चालते. एकाआड एक पिढ्या परस्परांच्या जवळ मानल्या जातात आणि नातवाकडे आजोबांच्या जागी आलेला माणूस म्हणून पाहिले जाते.

या रीतीचे गणितही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पिढीत थोरल्या मुलाला आजोबांचे नाव दिले, तर त्या शाखेत फक्त दोन नावे उरतात आणि ती आळीपाळीने येत राहतात. डेन्मार्कच्या राजगादीवर हे अक्षरशः घडले आहे. १५१३ साली दुसरा क्रिश्चन गादीवर आला आणि त्याच्यानंतर १५२३ साली पहिला फ्रेडरिक; तेव्हापासून १९७२पर्यंत तिथे क्रिश्चन आणि फ्रेडरिक या दोनच नावांचे राजे एकाआड एक झाले. मधे राणी मार्ग्रेथे यांची दीर्घ कारकीर्द झाली, २०२४च्या जानेवारीत दहावे फ्रेडरिक राजे झाले, आणि त्यांच्या युवराजाचे नाव अर्थातच क्रिश्चन आहे. या साखळीत काही ठिकाणी गादी मुलाऐवजी चुलत शाखेकडे गेली, तरी नावांची पाळी चुकली नाही. परंतु थोरली शाखा सोडून बाजूला पाहिले की अडचण दिसते. चार भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला आपल्या वडिलांचे नाव दिले, तर एकाच कुळात, बहुधा एकाच गावात, जवळपास एकाच वयाचे आणि एकाच नावाचे चार चुलत भाऊ तयार होतात. आजोबांचे नाव पिढ्यांमधला घोटाळा टाळते आणि तोच घोटाळा भावंडांच्या पिढीत आणून सोडते, ही या रीतीची खरी मेख आहे.

भारतातही या रीतीचा शास्त्राधार आणि पुरावा दोन्ही जुने आहेत. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात मुलाचे नाव कसे असावे याचे नियम सांगणारे एक वचन उद्धृत केले आहे, आणि त्यात ध्वनी आणि अक्षरसंख्या यांच्या नियमांबरोबरच ‘त्रिपुरुषानूकम्’ आणि ‘अनरिप्रतिष्ठितम्’ हे दोन शब्द येतात. नाव ठेवणाऱ्या पित्याच्या आधीच्या तीन पिढ्यांतील पुरुषांना अनुसरणारे नाव असावे, आणि ते शत्रूकडे रूढ झालेले नसावे, असा त्यांचा अर्थ. (दुसरी अट आजही पुष्कळ घरांमध्ये अलिखितपणे पाळली जात असावी, अशी मला शंका आहे.) गुप्त घराण्यात पहिल्या चंद्रगुप्ताचा मुलगा समुद्रगुप्त आणि त्याचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त. शिवाजी महाराजांचे निधन १६८० साली झाले आणि १६८२ साली जन्मलेल्या संभाजी महाराजांच्या मुलाचे नाव शिवाजी ठेवण्यात आले; हाच मुलगा पुढे शाहू म्हणून ओळखला गेला. पेशव्यांच्या घरात बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या नातवाला बाळाजी हे नाव मिळाले; इतिहास त्याला नानासाहेब म्हणून ओळखतो. त्याच घरातला शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव हा पहिल्या बाजीरावाचा नातू.

यापुढचा प्रश्न असा की ज्याचे नाव द्यायचे तो जिवंत असावा की नसावा. या एका प्रश्नावर एकाच धर्माच्या दोन शाखांनी उलट टोकाची उत्तरे दिली आहेत. मध्य आणि पूर्व युरोपातील अश्केनाझी यहुदी परंपरेत बाळाला दिवंगत नातेवाइकाचे नाव दिले जाते आणि जिवंत माणसाचे नाव कटाक्षाने टाळले जाते. स्पेनमधून पुढे भूमध्य समुद्राभोवती पसरलेल्या सेफार्दी परंपरेत मात्र हयात आजोबांचे नाव नातवाला देणे हा आजोबांचा सन्मान समजला जातो. अश्केनाझी घरातल्या आजोबांना हयातीत स्वतःच्या नावाचा नातू दिसला, तर आपल्या मरणाची घाई झाली आहे की काय असे वाटू शकते. सेफार्दी घरातल्या आजोबांना तो दिसला नाही, तर आपला मान राखला गेला नाही असे वाटू शकते. धर्मग्रंथ तेच असताना हा फरक पडतो, कारण तो धर्माज्ञेतून आलेला नसून नावाविषयीच्या कल्पनेतून आलेला आहे. पहिल्या कल्पनेत नाव माणसाच्या प्राणाला चिकटलेले असते, म्हणून एका वेळी ते एकाच्याच अंगावर असू शकते, आणि मृत्यूचा दूत चुकून भलत्यालाच घेऊन जाईल अशी लोकसमजूत तिला जोडली गेली. दुसऱ्या कल्पनेत नाव घराण्याच्या ठेवीसारखे असते, आणि ठेव हयातीत हाती देण्यात आशीर्वाद असतो.

पहिली कल्पना तिच्या टोकापर्यंत नेलेली पाहायची असेल, तर उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट समाजाकडे पाहावे लागते. तिथे नुकत्याच वारलेल्या माणसाचे नाव नवजात बाळाला दिले जाते आणि नावाबरोबर त्या माणसाचा काही अंश आणि त्याची नातीही बाळाकडे येतात. ज्या बाईने आपल्या मुलाला स्वतःच्या आईचे नाव दिले, ती त्याला ‘आई’ म्हणून हाक मारू शकते, आणि नावे स्त्री-पुरुष दोघांनाही चालत असल्याने ते मूल मुलगा असले तरी तिला त्यात विसंगती वाटत नाही. अशा ठिकाणी ‘आजीच्या स्मरणार्थ’ हा शब्दप्रयोग अपुरा ठरतो, कारण त्यांच्या दृष्टीने स्मरण करण्याइतकी आजी दूर गेलेलीच नसते.

कायद्यानेही कधी कधी यात हात घातला आहे. इटलीमध्ये २००० सालच्या नागरी नोंदणीविषयक नियमांनुसार हयात वडिलांचे किंवा हयात भावंडाचे तेच नाव बाळाला देता येत नाही. आजोबांच्या नावावर अशी बंदी नाही, आणि विशेषतः दक्षिण इटलीत आजोबांचे नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. म्हणजे कायद्याने बंदी नेमकी तिथेच घातली जिथे घोटाळ्याचा संभव सर्वाधिक होता.

चीनच्या परंपरेने या साऱ्यालाच उलटे वळण दिले. तिथे वडीलधाऱ्यांचा आदर करायचा तर त्यांचे नाव मुलाला देणे दूरच, ते तोंडातूनही काढायचे नाही. इतिहासकार स्मा च्येनच्या वडिलांचे नाव ‘थान’ होते, म्हणून आपल्या ग्रंथात त्याच नावाचा दुसरा माणूस आला तेव्हा त्याने त्याचे नाव बदलून लिहिले. नवव्या शतकाच्या आरंभी ‘ली हे’ नावाच्या तरुण कवीच्या वाट्याला याहून कठीण प्रसंग आला. त्याच्या वडिलांच्या नावातले ‘जिन’ हे अक्षर राजसेवेच्या सर्वोच्च परीक्षेच्या ‘जिनशी’ या नावाशी उच्चारात जुळत होते, म्हणून त्याने त्या परीक्षेला बसणे म्हणजे पित्याचा अनादर, अशी ओरड प्रतिस्पर्ध्यांनी केली. हान यू या मोठ्या लेखकाने त्याच्या बाजूने एक निबंध लिहिला आणि त्यात विचारले की वडिलांचे नाव ‘रेन’ असेल, तर मुलाने माणूसही होऊ नये काय, कारण चिनी भाषेत माणसालाही ‘रेन’च म्हणतात. युक्तिवाद बिनतोड होता आणि त्याचा उपयोग झाला नाही. ती पदवी ली हेला मिळाली नाही आणि ८१६ साली तो ऐन तारुण्यात वारला.

पूर्ण नाव द्यायचे नाही, पण घराण्याचा धागाही तुटू द्यायचा नाही, असा मधला मार्ग जपानने काढला. तिथल्या योद्ध्यांच्या घराण्यांत नावाचे एक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या चालवले जाई आणि दुसरे बदलले जाई. तोकुगावा घराण्याच्या १५ शोगुनांपैकी, म्हणजे लष्करी सत्ताधीशांपैकी, ११ जणांची नावे ‘इए’ या अक्षराने सुरू होतात: संस्थापक इएयासू, नातू इएमित्सू, पणतू इएत्सुना आणि पुढे. इंग्लंडमध्ये नवव्या शतकात राजा एथेलवुल्फच्या मुलांची नावे एथेलबाल्ड, एथेलबर्ट आणि एथेलरेड अशी होती, त्यामागे हीच युक्ती होती. आज जी घरे आजीच्या नावाचे केवळ पहिले अक्षर घेऊन नातीचे नवे नाव शोधतात, ती नकळत या जुन्या मार्गानेच जात असतात.

आता नाव लावण्याकडे वळू. आडनावे स्थिर होण्यापूर्वी जगाच्या फार मोठ्या भागात माणसाची ओळख ‘अमक्याचा मुलगा’ अशीच होती आणि आइसलंडमध्ये ती आजही तशी आहे. तिथे आयनारचा मुलगा जोन हा जोन आयनारसन होतो, आणि त्याने आपल्या मुलाला आजोबांचे नाव दिले की तो आयनार जोनसन होतो. टेलिफोनच्या यादीतही माणसे पहिल्या नावाने लावलेली असतात, कारण दुसरे नाव हे कुटुंबाचे नाव नव्हेच. पेशव्यांची बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ आणि बाळाजी बाजीराव ही नावे याच साच्यातली आहेत. इतर ठिकाणी ही ओळख कालांतराने गोठली. जोहान्सन आडनावाच्या आजच्या माणसाच्या वडिलांचे नाव जोहान असण्याची गरज नाही, आणि ओब्रायन या आयरिश आडनावातला ‘ओ’ तर मुळात नातू किंवा वंशज या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे १०१४ साली मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू या राजाचे नातेपण ती मंडळी हजार वर्षे सांगत आली आहेत. अरबी परंपरेत याच्या उलट दिशेचीही सोय आहे: ‘इब्न’ने मुलगा बापाचे नाव लावतो, आणि ‘अबू’ने बाप मुलाचे.

नाव लावण्याच्या या पद्धतीत स्त्रिया सहज नाहीशा होतात, आणि रोमइतक्या ठळकपणे त्या क्वचितच कुठे झाल्या असतील. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात रोमन पुरुषांसाठी रूढ असलेली व्यक्तिनामे जेमतेम दीड डझन होती आणि थोरल्या मुलाला बहुधा वडिलांचेच नाव मिळे. ज्याला आपण ज्युलियस सीझर म्हणतो, त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचेही नाव गायस ज्युलियस सीझर होते. मुलींना तर स्वतंत्र व्यक्तिनाम देण्याचीही तसदी घेतली जात नसे, कुळाच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप पुरे होई. म्हणून सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया होत्या, आणि त्याची मुलगीही ज्युलियाच होती. याच्या नेमके उलट उदाहरण दख्खनमध्ये सापडते. सातवाहन घराण्यात सातकर्णी हे नाव वारंवार आले, आणि मग गौतमीपुत्र सातकर्णी किंवा वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे आईकडून आलेले नाव राजाच्या नावाआधी लागले. नावापुढे आईचे नाव लावायचे की काय, असे जे अथेन्सच्या न्यायालयात हास्यास्पद म्हणून विचारले गेले, तेच इथे राजांच्या शिलालेखांवर कोरलेले आहे.

आपण पुन्हा दुसऱ्या कोड्याकडे, म्हणजे सारखी नावे वेगळी करण्याकडे आलो आहोत. त्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे विशेषण. इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या प्रत्येक राजाचे नाव टॉलेमी होते, म्हणून एक तारणहार, एक पितृप्रेमी, आणि एक, प्रजेने दिलेल्या नावानुसार, ढेरपोट्या. पेशवाईत थोरले माधवराव १७७२ साली वारले आणि १७७४ साली जन्मलेल्या त्यांच्या पुतण्याला तेच नाव मिळाले. त्याच्यामागे लागलेला ‘सवाई’ हा शब्द सन्मानाचा आहेच, पण दोन माधवरावांना वेगळे करण्याचे कामही तो चोख करतो. दुसरे साधन आकडा. जर्मनीतील रॉयस घराण्यात तर सर्वच पुरुषांचे नाव हाइनरिख ठेवत, आणि गादीवर न आलेल्यांनाही क्रमांक देत. एका शाखेने शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकापासून सुरुवात करायची असे ठरवले आणि दुसरीने दर शतकाला नव्याने मोजायचे ठरवले. इतकी शिस्त बाळगण्यापेक्षा एखादे दुसरे नाव शोधणे सोपे गेले असते, असे आपल्याला वाटते. परंतु नाव हीच घराण्याची ओळख असेल तर दुसरे नाव शोधणे म्हणजे ती ओळख सोडणे.

रोमन लोकांना हे पुरते समजले होते, म्हणूनच त्यांनी नाव बंद करण्याची शिक्षा शोधली. इ.स.पू. ३० साली मार्क अँटनीच्या पाडावानंतर यापुढे अँटोनियस कुळातल्या कोणीही मार्कस हे नाव धारण करू नये, असा ठराव सिनेटने केला. इ.स. २० साली राजद्रोहाच्या आरोपाखाली मेलेल्या ग्नेयस पिसोच्या त्याच नावाच्या मुलाला नाव बदलावे लागले, आणि तो पुढे लुसियस पिसो म्हणून कॉन्सल या रोमच्या उच्च अधिकारपदावर आला. नाव केवळ व्यक्तीचे असते, तर मेलेल्या माणसाला या शिक्षेचे काय?

ज्याला हे नाव मिळते, त्या मुलाच्या बाजूनेही थोडे पाहिले पाहिजे. राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारला, आणि आपल्या वंशजांमध्ये त्याचे नाव राहावे हा तिचा आग्रह होता. तिचा थोरला मुलगा अल्बर्ट एडवर्ड १९०१ साली राजा झाला तेव्हा त्याने अल्बर्ट हे नाव वडिलांचेच राहावे, असे सांगून एडवर्ड या नावाने राज्य करणे पसंत केले. १८९५ साली तिचा एक पणतू नेमका १४ डिसेंबरलाच जन्मला. आईवडिलांना वृद्ध राणीच्या मनाची धास्ती वाटली आणि बाळाचे नाव अल्बर्ट ठेवून तो प्रश्न सोडवला गेला. हा मुलगाही १९३६ साली राजा झाला, आणि त्यानेही सहावा जॉर्ज हे नाव घेतले. इतक्या आग्रहाने चालवलेले नाव दोनदा सिंहासनापर्यंत आले आणि दोन्ही वेळा पायरीवरच थांबले.

आजच्या काळात वडिलांचे किंवा आजोबांचे नाव देऊ पाहणाऱ्यांसमोर भाव-भावनांइतकाच कागदपत्रांचा प्रश्न आहे, आणि तो मान्तिथेओसच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. नाव, आडनाव आणि पत्ता हे तिन्ही एकच असलेले दोन जण एका घरात असले की पत्रे, देयके, कर्जाच्या नोंदी आणि दवाखान्यातील कागद एकमेकांच्या खात्यात जाण्याची शक्यता वाढते. ‘धाकटा’ किंवा ‘दुसरा’ अशा अर्थाचा शब्द काही कागदांवर लिहिला आणि काहींवर वगळला, तर संगणकाच्या दृष्टीने ती तिसरीच व्यक्ती होते. म्हणून असा शब्द वापरायचाच असेल, तर पहिल्या दाखल्यापासून सर्वत्र एकाच रूपात वापरावा, आणि ओळखीची भिस्त जन्मतारीख व ओळखक्रमांक यांच्यावर ठेवावी. अमेरिकेत ‘ज्युनिअर’ हा शब्द वडिलांचेच पूर्ण नाव घेणाऱ्यासाठी आणि ‘दुसरा’ हा आकडा बहुधा आजोबा किंवा काका यांचे नाव घेणाऱ्यासाठी वापरतात, हा भेद तिथेही पुष्कळांना ठाऊक नसतो. ज्यांना हा व्याप नको, त्यांनी आजोबांचे नाव मधल्या नावात ठेवण्याचा मार्ग धरला आहे. आणि एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही, पण करण्याजोगी आहे: ज्यांचे नाव द्यायचे ते हयात असतील, तर त्यांना आधी विचारावे, आणि तेच नाव मनात धरून बसलेल्या भावंडांनाही.

दिवंगत भावंडाचे नाव पुन्हा देण्याविषयी सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण चित्रकार विन्सेंट व्हान गॉख याचे आहे. ३० मार्च १८५२ रोजी त्याच्या आईला मृत मूल झाले, त्याचे नाव विन्सेंट विलेम ठेवले होते. बरोबर एक वर्षाने, ३० मार्च १८५३ रोजी चित्रकाराचा जन्म झाला आणि त्यालाही तेच नाव मिळाले. मेलेल्या भावाची जागा भरण्यासाठी जन्मलेला मुलगा, असे यावरून फार लिहिले गेले आहे. परंतु वडिलांच्या वडिलांचे नाव विन्सेंट होते आणि आईच्या वडिलांचे विलेम. म्हणजे ते नाव त्या मृत बाळाचे नव्हतेच, दोन आजोबांचे होते, आणि पहिला धनी न राहिल्याने ते दुसऱ्याकडे आले. धाकट्या भावाला, थिओला, वडिलांचे थिओडोरस हे नाव मिळाले. १८९० साली थिओला मुलगा झाला आणि त्याने त्याचे नाव भावावरून ठेवले, तेव्हा विन्सेंटने आईला पत्रात कळवले की माझ्यापेक्षा बाबांचे नाव ठेवले असते तर मला अधिक आवडले असते. तरीही त्याने बाळासाठी निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्यांचे चित्र काढून पाठवले. तो पुतण्या वाढला, अभियंता झाला, काकाची चित्रे त्याच्या हाती आली आणि १९७३ साली ॲमस्टरडॅममध्ये उघडलेल्या संग्रहालयामागेही तो होता. दोन विन्सेंट विलेम व्हान गॉख वेगळे ओळखता यावेत म्हणून त्याचा उल्लेख बहुधा ‘इंजिनिअर’ असाच केला जातो.